कार्यालयातील गारवा आणि डहाणूचा धूर

पर्यावरणाविषयी आस्था दाखविणे ही मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. ‘सेबी’ने २०२१ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून आपल्या पर्यावरणविषयक व सामाजिक जबाबदारीचा अहवाल प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. वीज किती वापरली, पाणी किती खर्च झाले, कचऱ्याचे काय केले, याचे आकडे त्यामुळे उघड होऊ लागले. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि प्रवेशद्वारी हरित इमारतीचे प्रमाणपत्र लावले आणि ५ जूनला आवारात चार रोपे लावून छायाचित्रे काढली की कर्तव्य पार पडले, अशी जी समजूत रूढ होत आहे, तिचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपल्या धर्मग्रामांतील असंख्य स्त्री-पुरुष रोज पहाटे घर सोडून अशाच कार्यालयांत जातात. तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

कार्यालयातील विजेचा फार मोठा वाटा वातानुकूलनावर खर्च होतो. भर मे महिन्यात मुंबईच्या एखाद्या वातानुकूलित कार्यालयात डोकावावे, तर खुर्च्यांच्या पाठीवर शाली आणि स्वेटर लटकत असलेले दिसतात. बाहेर घामाच्या धारा आणि आत हुडहुडी! याचे एक कारण २०१५ साली नेदरलँड्समधील दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात मांडले. कार्यालयातील तापमानाचे रूढ निकष १९६०च्या दशकातील आहेत आणि ते मध्यमवयीन पुरुषाच्या शरीरात निर्माण होणाऱ्या उष्णतेवर बेतलेले आहेत. स्त्रियांच्या शरीरात तुलनेने कमी उष्णता निर्माण होत असल्याने त्यांना तेच तापमान थंड वाटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात कोट-टायच्या पाश्चात्त्य पोशाखाची भर पडली. म्हणजे आपण प्रथम न मानवणारा पोशाख स्वीकारला आणि मग तो सोसावा म्हणून इमारती थंड केल्या.

जपानने या गोष्टीचा उलट बाजूने विचार केला. क्योटो करार फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेथील पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ‘कूल बिझ’ ही मोहीम सुरू केली. कार्यालयातील तापमान २८ अंशांवर ठेवावे आणि कर्मचाऱ्यांनी कोट व टाय घरी ठेवून यावे, एवढेच तिचे स्वरूप होते. शिष्टाचाराच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असलेल्या त्या समाजात हे सोपे नव्हते. परंतु पंतप्रधान ज्युनिचिरो कोइझुमी स्वतःच टायविना वावरू लागले आणि कनिष्ठांचा संकोच दूर झाला. त्या एका उन्हाळ्यात सुमारे ४ लाख ६० हजार टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळले, असा तेथील पर्यावरण मंत्रालयाचा अंदाज होता. येथे ना नवी इमारत बांधावी लागली, ना परदेशी यंत्रे आणावी लागली. बदलली ती केवळ प्रथा, आणि तीही वरिष्ठांपासून.

मुंबईच्या दमट हवेत २८ अंश सर्वांना मानवतील, असा आमचा आग्रह नाही. मात्र आपल्याकडेही या दिशेने काम झालेले आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशाच्या पाच हवामान-विभागांतील कार्यालयांची पाहणी करून २०१४ मध्ये असे दाखवून दिले की, परदेशी निकषांत गृहीत धरले जाते त्यापेक्षा अधिक तापमानातही भारतीय कर्मचारी सुखाने काम करू शकतात. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या मते, वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे मूळ २४ अंशांवर लावूनच विकावीत, असा नियम झाला. परंतु नियम यंत्राला बांधतो, माणसाला नाही. रिमोट हाती येताच आकडा पुन्हा अठरावर जातो!

हा गारवा येतो कोठून? मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणारे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९०च्या दशकाच्या मध्यापासून आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला आहे. तेथे कोळसा जळतो. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारने १९९१ मध्येच जाहीर केले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. या केंद्राच्या धुरातील गंधकाचा अंश रोखणारी यंत्रणा बसविली जावी, म्हणून स्थानिकांना व प्राधिकरणाला अनेक वर्षे झगडावे लागले. ती २००७ मध्ये बसली. राख, खाडीचे पाणी आणि चिकूच्या बागा यांविषयीच्या तक्रारी तेथील शेतकरी, मच्छीमार व आदिवासी बांधव वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ज्यांच्या आयुष्यात थंड खोली क्वचितच येते, त्यांच्या दारात तिचा धूर जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या पत्रात उपभोगाच्या घातक सवयींचे उदाहरण म्हणून नेमका वातानुकूलन यंत्रांचाच उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

दुसरा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा. कंपनीच्या विजेतून होणारे उत्सर्जन ‘सेबी’च्या अहवालात द्यावेच लागते, कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यातून होणारे उत्सर्जन मात्र त्यातील ऐच्छिक भागात येते. यामुळे मोटारीने येणारा अधिकारी आणि विरारहून सुमारे ६० किलोमीटर लोकलमध्ये उभा राहून चर्चगेटला पोहोचणारा कारकून, दोघेही कागदावर सारखेच ठरतात. वस्तुतः पर्यावरणाची खरी सेवा दुसरा करीत असतो. मग अधिकाऱ्याच्या मोटारीसाठी वाहनतळ असावा आणि कारकुनाच्या पासासाठी रुपयाही नसावा, हे कितपत न्याय्य आहे? कामाच्या वेळेत दोन तासांची सवलत दिली, तरी त्याचा प्रवास सुसह्य होईल आणि तो लोकल सोडून मोटारसायकलकडे वळणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीने घरून काम करण्याची वाट दाखविली. प्रवास वाचला, हे खरे. पण पंखा, दिवा व संगणक यांचे बिल कर्मचाऱ्याच्या घरी आले आणि कंपनीच्या अहवालातील आकडा मात्र आपोआप सुधारला. खर्च दुसऱ्याच्या खांद्यावर ढकलणे म्हणजे बचत नव्हे. फाटकावर जाड गणवेशात उन्हात उभा असलेला पहारेकरी आणि ओला-सुका कचरा एकत्र आल्यामुळे तो हातांनी निवडणारी सफाई कामगार भगिनी यांचाही विचार ज्या योजनेत नाही, ती योजना आमच्या मते अपुरीच म्हटली पाहिजे.

आपल्यापैकी कित्येक जण कार्यालयांत अधिकारपदावर आहेत, काही स्वतः कारखानदार आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, सुरुवात आपल्या दालनापासून करावी. तापमान २६ अंशांवर ठेवावे, जोडीला पंखा लावावा, सुती पोशाखाला मान्यता द्यावी, पहारेकऱ्याला सावली द्यावी आणि लोकलच्या पासाचा भार उचलावा. जे अधिकारपदावर नाहीत, त्यांनी हे संकोच न बाळगता मागावे. ही भीक नाही. डहाणूच्या बागायतदाराच्या आणि मच्छीमाराच्या वतीनेही केलेली ती मागणी आहे.