ओतून दिलेलं दूध

सातवीच्या उर्दूच्या तासाला मी दरवर्षी एक गोष्ट सांगतो. हजरत उमर (रजि.) रात्री मदिन्याच्या गल्ल्यांतून फिरत असताना एका घरातून बोलणं ऐकू येतं. आई मुलीला सांगते, दुधात पाणी मिसळ. मुलगी म्हणते, खलिफांनी मनाई केली आहे. आई म्हणते, खलिफा इथं कुठे बघतायत? मुलगी म्हणते, ते नसतील बघत, अल्लाह तर बघतोय. पुढे हजरत उमर यांनी त्या मुलीचं लग्न आपल्या मुलाशी, आसिमशी, लावून दिलं. तिच्याच लेकीच्या पोटी उमर बिन अब्दुल अजीज जन्मले.

यंदा ही गोष्ट सांगताना मी मधेच अडखळलो. आदल्याच आठवड्यात आमचे दूधवाले बाबा गेले होते.

बाबा कॅथलिक. मूळ श्रीरामपूरकडचे, वय ऐंशीच्या पुढे. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. तरुणपणी कंपनीत कामाला म्हणून पिंपरीला आले आणि चाकणच्या बाजूला जमीन स्वस्त होती तेव्हा काही गुंठे घेऊन ठेवले. नोकरी सांभाळून दोन गाई, निवृत्तीनंतर अकरा. गोठ्याच्या भिंतीवर मतमाऊलीचा फोटो. वर्षातून एकच सुट्टी घ्यायचे, सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला. त्या दिवशी धारा मुलगा काढायचा.

बघता बघता आजूबाजूचं सगळं बदललं. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. रानं गेली, शेड आल्या, भाड्याच्या खोल्या आल्या. वैरण लांबून विकत आणावी लागू लागली. शेजारच्यांनी जमिनी देऊन गाड्या घेतल्या. बाबांच्या दावणीला मात्र गाई होत्या. रमजानमध्ये ते आमच्या गल्लीत सहरीच्या आधी, चार वाजता यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. चंद्र दिसला की त्यांची वेळ आपोआप बदलायची. गाय व्याली की खरवसाचं दूध आधी माझ्या अम्मीला.

पण मला लिहायचं आहे ते याबद्दल नाही. सणाला शीरखुर्मा देणं, नाताळला केक घेणं, हे आपण सगळेच करतो आणि त्यावर लेखही लिहितो. मला लिहायचं आहे ते ओतून दिलेल्या दुधाबद्दल.

माझी मुलं लहान होती तेव्हाची गोष्ट. बाबा तीन दिवस अर्धंच दूध घालत होते. अम्मी चिडली, "दुसऱ्याला जास्त भावानं देत असतील." मी विचारायला गोठ्यावर गेलो. एका गाईला दगडी झाली होती, कास सुजून कडक झालेली. इंजेक्शनं चालू होती. बाबा तिची धार काढत होते आणि ते दूध मागच्या खड्ड्यात ओतत होते. मी म्हटलं, "बाबा, दिसायला तर चांगलं आहे." ते म्हणाले, "मास्तर, दुधात पाणी घातलं तर लॅक्टोमीटर सांगतो. औषध उतरलेलं तो सांगत नाही. ते मला एकट्यालाच माहीत."

ज्या पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिन बनवण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्या पिंपरीत बाबांची उमर गेली होती. औषध शेवटच्या इंजेक्शननंतरही काही दिवस दुधात उतरत राहतं, आणि असं दूध रोज थोडं थोडं पोटात गेलं की पुढे माणसाला तेच औषध लागू पडत नाही, हे त्यांनी तिथल्या एका कामगार मित्राकडून ऐकलं होतं. ऐकलं आणि पाळलं. पेंडीचं पोतं उधारीवर आणलेलं असतानाही पाळलं.

मी वर्गात सांगतो ती गोष्ट हीच नाही का? मदिन्यातल्या त्या मुलीला पाणी मिसळू नये असा हुकूम तरी होता. बाबांच्या दारात तपासायला कुणी येणार नव्हतं.

अशा प्रामाणिकपणाची किंमत कोण देतं? दूध संकलन केंद्रावर भाव ठरतो तो साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचा भाव पडला तेव्हा सरकारने लिटरमागे आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान दिलं. तेही केंद्रावर घातलेल्या दुधावर. खड्ड्यात ओतलेल्या लिटरची नोंद कुठल्याच वहीत नसते. आपण गिऱ्हाईकंही तसेच. पिशवीपेक्षा दोन रुपये जास्त सांगितले की तोंड वाकडं करतो. स्वच्छ दूध हवं असेल तर आजारी गाईचं दूध फेकणाऱ्याचा तोटा समाजाने वाटून घेतला पाहिजे. नाहीतर प्रामाणिक माणूसच आधी धंद्यातून उठतो. बाबांच्या शेवटच्या दोन गाई गेल्या वर्षी विकल्या गेल्या.

ते गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने मला विचारलं, "सर, मय्यतीला जाणं जायज आहे का?" त्याने बाबांचंच दूध पिऊन दहावी केलेली. मी त्याला रागावलो नाही. विचारणं चुकीचं नव्हतं, उत्तर आपण कधी शिकवलेलं नव्हतं.

सहीह बुखारीत नोंद आहे. कादिसियात सहल बिन हुनैफ आणि कैस बिन साद (रजि.) बसलेले असताना एक जनाजा गेला. दोघे उठून उभे राहिले. लोक म्हणाले, हा तर इथल्या गैरमुस्लिम रहिवाशाचा. त्यावर त्यांनी सांगितलं, की प्रेषित (स.) यांच्यासमोरून एका यहुद्याचा जनाजा गेला तेव्हा तेही असेच उभे राहिले होते. कुणी आठवण करून दिली, तर त्यांनी उलट विचारलं, तो जीव नव्हता का? दुसऱ्याच्या इबादतीत सामील होणं ही वेगळी बाब. माणूस जातो तेव्हा त्याच्यासाठी उठणं ही वेगळी. उलेमांची मतं पहिल्या बाबतीत वाचावीत. दुसऱ्या बाबतीत मला तरी शंका उरलेली नाही.

आम्ही सातजण गेलो. तो तरुणही आला. मिस्सा चालू असताना आम्ही चर्चच्या आवारात थांबलो, मग दफनभूमीपर्यंत चालत गेलो. फादरांची प्रार्थना झाल्यावर सगळे माती टाकू लागले. मीही टाकली, सवयीप्रमाणे तीन मुठी. बाबांच्या मुलाने माझा हात धरला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडची मागची बाकी बाबांनी फाडून टाकायला सांगितली आहे." बाकी एकशे ऐंशी रुपयांची होती. ती मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन दिली. तसा हिशेब त्यांनी ठेवू दिला नसता, पण मय्यताचं कर्ज माफीवर सोडायचं नाही हे आमच्या अब्बांनी शिकवलेलं.

आपल्या पाठ्यपुस्तकांत नेकी नेहमी मदिन्यात असते, चौदाशे वर्षांपूर्वी. मुलांना वाटतं, ती तिथेच संपली. पुढच्या वर्षीपासून त्या मुलीच्या गोष्टीनंतर मी चाकणजवळच्या गोठ्याचीही गोष्ट सांगणार आहे. वाचणाऱ्या शिक्षकांनाही विनंती, आपापल्या गल्लीतला असा माणूस शोधा. तो जिवंत असतानाच शोधा.