सूर्येचे पाणी, वसईची वाडी आणि आपली ज्वारी



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात वसई-विरारची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. तिथे पाऊस आपल्या दुप्पट-तिप्पट, मुंबईची बाजारपेठ लोकलगाडीच्या अंतरावर. पाणी आणि बाजार मिळाला की शेतकरी सुखी होतो, हे आपल्याला वर्षानुवर्षे ऐकवले गेले. वसईकरांकडे दोन्ही होते. तरीही त्यांची वाडी मोडली. ती का मोडली हे समजल्याशिवाय सरकार ज्याला अन्नसुरक्षा म्हणते त्याचा अर्थ आपल्याला कळायचा नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, नागवेलीची पाने, भाजीपाला आणि फुले पिकत. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी दूरवर जाई. विहिरींवर रहाट चालत आणि वाड्यांमधून बावखले असत. बावखल म्हणजे शेताशेजारी खणलेले गोडे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जिरे आणि समुद्राच्या काठावरच्या विहिरी गोड राहत. यासाठी कोणत्याही सरकारने अनुदान दिले नव्हते, की कुणा साहेबाने पाहणी केली नव्हती.

पुढे इमारती उठू लागल्या, पण त्यांच्यासाठी पाण्याची सोय आधी कुणी केली नव्हती. मग टँकर वाड्यांत शिरले. विहिरी रात्रंदिवस उपसल्या गेल्या आणि गोडे पाणी खाली गेले तसे खारे पाणी आत आले. खाऱ्या पाण्यावर केळ जगत नाही, पानवेल तर नाहीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने या टँकरांविरुद्ध लोक उभे केले. पाणी विकणाऱ्यांत वाडीवालेही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. केळीच्या घडापेक्षा टँकरला जास्त पैसा मिळत असेल तर शेतकरी दुसरे काय करणार?

१९९० मध्ये या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले. ३ जुलै २००९ ला वसई-विरार महापालिका झाली आणि अनेक गावे तिच्यात ओढली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली, मामला उच्च न्यायालयात अडकला आणि २०२४ मध्ये शासनानेच ती गावे महापालिकेत ठेवायचे ठरवले. गावाला आपण गाव आहोत की शहर हे कळायलाच एवढी वर्षे लागली. तोवर वाडीत नवी बाग कोण लावणार?

हरित पट्ट्याबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे, ते सांगून टाकतो. नकाशावर हिरवा रंग फासून शेती वाचत नाही. जमीन विकू नकोस, बांधू नकोस, पण तुझ्या मालाला परवडेल असा भावही मिळणार नाही, असे सांगणे म्हणजे शेतकऱ्याला शहराचा बिनपगारी माळी करणे होय. हिरवळ हवी असेल तर हिरवळ पिकवणाऱ्याचा हिशेब आधी मांडावा लागेल.

आता सूर्येचे पाणी पाहू. डहाणू, पालघर, विक्रमगड या तालुक्यांतील चौदा हजारांहून अधिक हेक्टर जमीन भिजवायची म्हणून सूर्या प्रकल्प उभा राहिला. धामणी आणि कवडास ही त्याची धरणे. धरणासाठी जमिनी गेल्या त्या आदिवासींच्या. आज त्याच सूर्येतून वसई-विरारसाठी दिवसाला १८.५ कोटी आणि मिरा-भाईंदरसाठी २१.८ कोटी, मिळून ४०.३ कोटी लिटर पाणी नेण्याची योजना आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर एका एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायला सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागतात. म्हणजे रोज सोळाशे एकरांना पाळी मिळेल एवढे पाणी. शहरातल्या माणसाला प्यायला पाणी नको, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. तिथे राहणाऱ्यांत गाव सोडून गेलेली आपलीच पोरे आहेत. आमचा प्रश्न एवढाच की सिंचनाच्या नावाने बांधलेल्या धरणाचे पाणी वळवताना कालव्याखालच्या शेतकऱ्याच्या नुकसानीची किंमत कुणी धरली?

याच डोंगरांत, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जिल्हा नवा आला, पण भात निघाला की वीटभट्टीवर जाणे काही थांबले नाही. डोंगरात नाचणी आणि वरई पिकवणारा माणूस दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे विटा थापतो आणि घरी रेशनचा गहू-तांदूळ खातो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर किलोला १ रुपया लिहिलेला होता. जानेवारी २०२३ पासून रेशन फुकट झाले. भुकेल्याला धान्य मिळते हे चांगलेच. पण दुकानात येतो तो बहुतेक गहू आणि तांदूळ. ज्वारी काही जिल्ह्यांत कधीमधी वाटली जाते, नाचणीचे तर नाव नको. २०२३ हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून वाजतगाजत साजरे झाले. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीला ३,७४९ आणि नाचणीला ४,८८६ रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर झाला. पण खरेदी केंद्राचे कुलूप उघडले नाही तर आकडा छापील कागदावरच राहतो. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारला ज्वारी हवी होती, तेव्हा लेव्ही लावून खळ्यावरून नेली आणि जिल्हाबंदी करून भाव पाडला. आज शेतकरी द्यायला तयार आहे तर घ्यायला कुणी नाही. कापसाचेही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणीच्या तोंडावर, आयातीवरचा ११ टक्के कर काढला आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

जिल्हा मेळाव्यात या विषयावर ठराव यायला हवा. पालघर जिल्ह्याच्या रेशनवर तिथलीच नाचणी-वरई आणि आपल्याकडच्या रेशनवर आपलीच ज्वारी यावी. खरेदी काढणीआधी जाहीर व्हावी आणि पैसे मापाच्या दिवशी मिळावेत. आश्रमशाळा आणि अंगणवाडीची मागणीही याच खरेदीला जोडावी. वसईत बावखल राखणाऱ्या वाडीवाल्याला पाणी जिरवल्याचा मोबदला महापालिकेने द्यावा, कारण त्या पाण्यावर शहराच्याही विहिरी जगतात. आणि सूर्येचे पाणी शहराकडे सोडण्यापूर्वी कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला रब्बीची पाळी कोणत्या तारखेला मिळणार, ते लेखी कळवावे. ठरावाचा मसुदा प्रत्येक तालुक्याने सोबत आणावा.