नीतीचा मक्ता कोणाकडे?

‘देवाधर्माची भीती उरली नाही, म्हणून समाज बिघडला’ हे वाक्य कीर्तनात टाकावे किंवा शाळेच्या पारितोषिक वितरणात, टाळ्या ठरलेल्याच. लाचखोरी असो, भेसळ असो वा म्हाताऱ्या आईबापांची हेळसांड, निदान एकच आणि औषधही एकच. हे निदान करणारे बहुधा आपल्यातलेच असतात, म्हणून ते तपासणेही आपल्यालाच भाग आहे.

देवाची भीती खरोखर नाहीशी झाली आहे काय? तसे असते तर तीर्थक्षेत्री तासन्‌तास रांगा लागल्या नसत्या. शनिवारी मारुतीला तेल वाहणारा कारकून सोमवारी ‘वजन’ ठेवल्याखेरीज फाईल हलवीत नाही. भेसळीचे दूध विकणाऱ्याच्या दुकानातही तसबिरीला रोज ताजा हार असतो. यांची श्रद्धा ढोंगी आहे असे म्हणून आपण सुटका करून घेतो. मला ती खरीच वाटते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. मिळकतीतला वाटा हुंडीत टाकला की उरलेला पचतो, हा हिशेब श्रद्धेच्या अभावातून नव्हे, श्रद्धेतूनच जन्मतो.

२५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, वाई तालुक्यातील मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसे गेली. तेथे श्रद्धेची वाण नव्हती. लाखोंची गर्दी होती. वाण होती ती रुंद वाटेची, आवरलेल्या गर्दीची, शेजाऱ्याच्या जिवाची चिंता वाहणाऱ्या व्यवस्थेची. या गोष्टी नवसाने मिळत नाहीत.

‘धर्म नसेल तर नीती कोठून येणार?’ असे विचारणाऱ्यांनी आपलेच ग्रंथ उघडावेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात धर्माची दहा लक्षणे दिली आहेत. त्यांत धैर्य आहे, क्षमा आहे, चोरी न करणे, सत्य आणि अक्रोध आहे. ईश्वराचे नाव नाही, पूजेचे नाही, नवसाचे तर नाहीच! (त्याच ग्रंथातील इतर बरेच काही आज टाकून देण्याजोगे आहे, हे वेगळे.) कपिलाच्या सांख्याला जगाची उभारणी सांगताना ईश्वराची गरज भासली नाही, म्हणून त्याला कोणी दर्शनांच्या पंक्तीतून उठवले नाही. संतांनी माणसे घडवली हे खरेच. पण कर्मकांडावर त्यांच्याइतके कोरडे दुसऱ्या कोणी ओढले?

आता माणसे पाहू. गोपाळ गणेश आगरकर निरीश्वरवादी. पुण्यातील सश्रद्धांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पैशाची वाट सोडून दम्याने पोखरलेल्या देहानिशी ते शिकवीत राहिले आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता गेले. त्या मिरवणुकीत नीती कोणत्या बाजूला होती?

आणि सावरकर? अस्पृश्यांना देवळाच्या पायरीशी अडवणारे सारे आस्तिक होते. १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिराची दारे सर्व जातींना उघडून देण्यात पुढाकार घेणारा हा माणूस मात्र स्वतः पूजाअर्चेत रमणारा नव्हता. आपल्या मृत्यूनंतर दहाव्या-तेराव्याचे विधी करू नयेत, देह विद्युतदाहिनीत द्यावा, असे त्यांनी लिहून ठेवले. १९६६ साली ते गेले. आज त्यांच्याच तसबिरीला हार घालून आपण शेजारी सत्यनारायणाचा चौरंग मांडतो, आणि प्रसाद घेताना नास्तिकांच्या अनीतीविषयी बोलतो.