क्लीनरचा ड्रायव्हर कोण करणार?

"नवीन पोरं ट्रकवर यायला तयार नाहीत," अशी ओरड ट्रान्सपोर्टवाले करतात. वाडी-कापशीच्या गोदामांत आमच्याच वस्त्यांतली पोरं हमाली करतात. त्यांना स्टिअरिंगपर्यंत कोण जाऊ देतो?

केंद्राच्या नियमांत मान्यताप्राप्त केंद्रातले जड वाहनाचे प्रशिक्षण 6 आठवड्यांत 38 तासांचे आहे. पण माल भरलेली गाडी उतारावर कोणत्या गिअरमध्ये धरायची, ब्रेक तापले तर काय करायचे, हे रस्त्यावरच कळते. तिथे शिकवतो तो उस्ताद. पोरगा काच पुसतो, स्वयंपाक करतो, टायर बदलतो. मध्यरात्री उस्तादला झोप आली की मग स्टिअरिंग हाती येते, परवाना असो वा नसो. मजुरी? दोन वेळचे जेवण आणि खर्ची. अपघात झाला तर गुन्हा त्याच्यावर. याला आम्ही शिक्षण म्हणत नाही, ही वेठ आहे. एकट्या उस्तादला दोष देऊनही भागत नाही. तोही असाच शिकला, आणि शिकवण्याचा एक पैसा मालक त्याला देत नाही.

1946 मध्ये मजूरमंत्री बाबासाहेबांनी कारखान्यांसाठी आठवड्याला 48 तासांचे विधेयक मांडले. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही कामाच्या तासांना मर्यादा होती. मग शिकाऊ पोराचे तास कोण मोजतो? त्याचे नाव हजेरीपटावर घ्या, पगार द्या, शिकवणाऱ्या ड्रायव्हरला वेगळा भत्ता द्या. प्रशिक्षण केंद्राची फी समाजकल्याण खात्याने भरावी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार आहेत. निवेदन द्यायला दिल्लीला जायची गरज नाही.