कारखान्याची अडचण हा विद्यापीठाचाच विषय

विद्यापीठाने आसपासच्या उद्योगांसाठी तंत्रज्ञान केंद्र चालवावे असे कोणी सुचवले, की पहिला आक्षेप विद्यापीठाच्या आतूनच येतो. गावातल्या फाउंड्रीच्या, डेअरीच्या, रंगाईच्या कारखान्याच्या तक्रारी सोडवत बसलो तर मूलभूत संशोधन कोणी करायचे? दुसरा आक्षेप कारखानदारांचा. प्राध्यापकांना पुस्तकातले कळते, भट्टीसमोरचे कळत नाही. शिवाय छोट्या धंद्याला संशोधन परवडतेच कुठे? तिसरा आक्षेप या दोन्हींपेक्षा गंभीर आहे. जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळा अशाने खासगी नफ्याला जुंपल्या जातील, अशी ती भीती आहे. तिन्ही आक्षेप घेणारी माणसे विचारी आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर ते घडलेल्या गोष्टींनीच द्यायला हवे.

सुरुवात दुधापासून करता येईल. महाराष्ट्रातल्या दूध संस्थेत दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ‘फॅट’ ठाऊक असते. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) धरून जाहीर होतो आणि फॅट कमी लागली की हातात पडणारे पैसेही कमी होतात. स्निग्धांश मोजून दाम देण्याची पद्धत जगभर रुजवण्यात ज्या चाचणीचा मोठा वाटा आहे, ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कृषी प्रयोग केंद्रात १८९० साली तयार झाली. त्याआधी तिथले चीज आणि लोण्याचे कारखाने दुधाच्या वजनावर पैसे देत. त्यामुळे पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा फायद्यात राही, कसदार दूध आणणारा तोट्यात जाई आणि कारखानदाराला दोघांतला फरक कळायला मार्ग नसे. स्टीफन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञाने तो मार्ग दिला. दुधात गंधकाम्ल घातले की स्निग्धांश सोडून बाकी सगळे विरघळते. मग बाटली गरगर फिरवायची आणि तिच्या निमुळत्या मानेत वर आलेल्या तुपकट थराची उंची वाचायची. कारखान्यातला साधा कामगारही करू शकेल इतकी ही चाचणी सोपी होती. बॅबकॉक यांनी तिचे पेटंट घेतले नाही. आपल्या दूध संस्थांमध्ये वर्षानुवर्षे वापरली गेलेली गर्बर पद्धत त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये निघाली आणि तिचे तत्त्वही हेच आहे.

इथवर ही एका उपयुक्त साधनाची गोष्ट झाली. पहिल्या आक्षेपाला खरे उत्तर पुढच्या भागात आहे.

दोन खाद्ये रासायनिक पृथक्करणात सारखी ठरली, म्हणजे ती गायीच्या पोटातही सारखीच ठरतात का, ही शंका बॅबकॉक यांना अनेक वर्षे छळत होती. १९०७ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी कालवडींचे चार गट केले. एका गटाला फक्त मक्याचे खाद्य दिले, दुसऱ्याला गव्हाचे, तिसऱ्याला ओटचे आणि चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. प्रथिने आणि ऊर्जा यांच्या हिशेबात चारही खाद्ये समान होती. मक्यावरच्या गायी धडधाकट राहिल्या, त्यांची वासरेही सुदृढ निघाली. गव्हावरच्या गायींची वासरे मात्र जन्मतःच अशक्त, थोड्या दिवसांत दगावणारी. तेव्हाच्या रसायनशास्त्राला ज्याचा पत्ता नव्हता असे काहीतरी अन्नात आहे, हे त्या गोठ्यात सिद्ध झाले. त्या ‘काहीतरी’च्या शोधात त्याच विद्यापीठातल्या एल्मर मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी १९१३ साली जो घटक ओळखला, त्याला पुढे ‘अ’ जीवनसत्त्व असे नाव मिळाले. गोठ्यातल्या त्या प्रयोगावर काम केलेल्या हॅरी स्टीनबॉक यांनी पुढच्या दशकात दाखवून दिले, की अतिनील किरण पाडले की अन्नात ‘ड’ जीवनसत्त्वाचा गुण येतो. मुलांच्या मुडदुसावर त्यातून सोपा उपाय हाती आला.

आणखी एक प्रसंग १९३३च्या फेब्रुवारीतला. कडाक्याच्या हिमवादळात एक शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत याच विद्यापीठाच्या मॅडिसन शहरात आला. सोबत मेलेली कालवड, कॅनभर न गोठणारे रक्त आणि गुरांना घातलेला बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा. त्याच्या गुरांना किरकोळ जखमेतूनही थांबत नाही असा रक्तस्राव होत होता. तो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या दिवशी लिंक यांच्याकडे त्याला सांगण्यासारखे फार नव्हते; तो चारा बंद करा, एवढाच सल्ला ते देऊ शकले. पण पुढची सहा वर्षे लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या चाऱ्याच्या मागे लागले आणि रक्त गोठू न देणारे द्रव्य त्यांनी वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली उंदरांचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या असंख्य रुग्णांचे आयुष्य या गोळीवर अवलंबून राहिले आहे.

हा निव्वळ योगायोग होता, असे कोणी म्हणेल. योगायोग होताच. पण तो घडायला अडचणीतल्या शेतकऱ्याला विद्यापीठाकडे जावेसे वाटावे लागते आणि तिथल्या रसायनशास्त्रज्ञाला कॅनमधल्या रक्तात आपला विषय दिसावा लागतो. पुस्तकातला प्रश्न कोणीतरी आधीच नीटनेटका करून ठेवलेला असतो. गोठ्यातून किंवा भट्टीवरून आलेला प्रश्न तसा नसतो आणि ठरलेल्या चौकटीत तो बसत नाही, यातच त्याचे मोल आहे. स्थानिक प्रश्नाने मूलभूत संशोधनाचा गळा आवळला जातो, हे म्हणणे विस्कॉन्सिनच्या पन्नास वर्षांपुढे टिकत नाही.

मुंबईतही ते टिकत नाही. मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला, तेव्हा समोर शहरातल्या कापड गिरण्या आणि नुकता उभा राहू पाहणारा रसायन उद्योग होता. म्हणूनच सुरुवातीचे विषय कापडाचे रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे होते. १९४३ साली हा विभाग माटुंग्याला गेला आणि यूडीसीटी या नावाने कारखानदारांच्या तोंडी रुळला. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांचे सारे आयुष्य रंगद्रव्यांच्या अभ्यासात गेले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघाला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांचा आधार झाला. १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांचीच निवड झाली. पुढच्या पिढीतले मनमोहन शर्मा उद्योगांचे सल्लागार म्हणून जितके ओळखले गेले, तितकेच वायू-द्रव अभिक्रियांवरच्या संशोधनासाठीही. १९९० साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. केकी घरडा आणि अंजी रेड्डी हे उद्योजकही याच संस्थेचे विद्यार्थी. कारखान्याशी रोजचा संबंध ठेवल्याने विद्वत्ता उणावते, असे सांगणाऱ्याने माटुंग्याचा हा इतिहास कसा वाचावा?

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्याचा अंश आहे. ज्याच्याकडे दहा-वीस माणसे कामाला आहेत, अशा कारखानदाराने प्राध्यापक आलेले पाहिले, त्यांनी माहिती गोळा केलेली पाहिली आणि नंतर ते कधी परत आलेच नाहीत हेही पाहिले. त्याचा अविश्वास कमावलेला आहे. पण त्यातून ‘छोट्या धंद्याला संशोधन लागत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत डोकावले तरी हे कळेल.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या वसाहतींत वाहनांचे, पंपांचे, इंजिनांचे भाग ओतले जातात. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात गोठताना आकसते. जो भाग सर्वांत शेवटी गोठतो त्याला आकसण्याची भरपाई करायला कुठूनही धातू मिळत नाही आणि तिथे पोकळी राहते. वरून जॉब झकास दिसतो. पोकळी कळते ती पुढे मशिनिंग करताना, म्हणजे वीज, मजुरी, वाळू सगळे खर्च झाल्यावर. मग तो जॉब रिजेक्शनमध्ये जातो. यावरचा उपाय म्हणजे रायझर. ओतकामाला जोडलेला हा धातूचा साठा जॉबनंतर गोठला पाहिजे, म्हणजे तो शेवटपर्यंत धातू पुरवत राहतो. तो केवढा ठेवायचा आणि कुठे लावायचा? अनुभवी मिस्त्री हे अंदाजाने ठरवतो आणि त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण नवा, गुंतागुंतीचा आकार आला की दोन-चार वेळा ओतून, फोडून, बदलून पाहावे लागते. एखादा भाग किती वेळात गोठेल हे त्याचे आकारमान आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरते, हा ख्वोरिनोव्ह यांचा नियम १९४० सालचा. नियम पुस्तकात होता, अडचण शिरोलीत होती. मधले अंतर कापणारे कोणी हवे होते.

आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी ते काम हाती घेतले. जॉबचा त्रिमितीय आराखडा दिला की तो कसा गोठेल आणि पोकळी कुठे पडेल हे संगणकावर आधीच दाखवणारी ‘ऑटोकास्ट’ ही प्रणाली त्यांच्या संशोधनातून निघाली. छोट्या फाउंड्रीला महागडे सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा तज्ज्ञ दोन्ही परवडत नाहीत, हे ओळखून पुढे ‘ई-फाउंड्री’ हे व्यासपीठ उभे राहिले. आराखडा इंटरनेटवरून पाठवायचा, गोठण्याचे चित्र परत मिळवायचे. सोबत शिकण्याचे साहित्यही खुले. फाउंड्रीवाल्याला संशोधन नको असते असे नाही. त्याला ते त्याच्या भाषेत, त्याच्या ऐपतीत आणि ऑर्डरची मुदत संपायच्या आत हवे असते.

आता तिसरा आक्षेप. त्याला झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण विस्कॉन्सिनच्याच इतिहासात त्याचा पुरावा आहे. स्टीनबॉक यांच्या शोधाची पेटंट सांभाळण्यासाठी १९२५ साली माजी विद्यार्थ्यांचे एक प्रतिष्ठान स्थापन झाले. शोधाचा पैसा पुन्हा संशोधनात यावा, हा हेतू चांगला होता आणि तो साधलाही; वॉरफरिनच्या नावात या प्रतिष्ठानाचीच इंग्रजी आद्याक्षरे आहेत. पण राज्यातला लोण्याचा धंदा सांभाळायचा म्हणून प्रतिष्ठानाने मार्गारीनवर ही प्रक्रिया वापरायला परवाना नाकारला. मार्गारीन खाणारी कुटुंबे गरीब, मुडदुसाचा धोकाही त्यांच्याच मुलांना अधिक. १९४०च्या दशकात अमेरिकी न्यायालयाने ही पेटंट अवैध ठरवली आणि मार्गारीनबाबतच्या या धोरणाचीही नोंद घेतली. बॅबकॉक यांची खुली चाचणी आणि हे अडवून धरलेले पेटंट, दोन्ही एकाच विद्यापीठातले. धोका खरा आहे, पण तो स्थानिक उद्योगाशी नाते जोडल्याने आपोआप उद्भवत नाही. पेटंट आणि परवान्याचे उत्पन्न हेच केंद्राच्या यशाचे माप ठरवले, की तो दारातून आत येतो.

दुर्दैवाने आपल्याकडे नेमके तेच माप उचलण्याकडे कल आहे. अमेरिकेच्या १९८०च्या बाय-डोल कायद्याच्या धर्तीवर सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाच्या बौद्धिक संपदेचे विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही, तरी त्यामागची दृष्टी टिकून आहे. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यात नवसंशोधन आणि उद्योजकता यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. पण मंडळाच्या अहवालात सामंजस्य करार किती, पेटंट अर्ज किती, एवढेच येणार असेल, तर शेजारच्या वसाहतीतला कारखानदार त्यात कुठेच दिसणार नाही. किती कारखाने दुसऱ्यांदा प्रश्न घेऊन आले, हा आकडा त्या अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवा. चाचण्यांचे दर उघड लावलेले असावेत, चाचणीच्या पद्धती सर्वांना खुल्या असाव्यात आणि कंपनीशी केलेल्या करारात निकाल प्रसिद्ध करण्याचा हक्क विद्यापीठाने राखलेला असावा. सार्वजनिक पैशाचे रक्षण अशा अटींनी होते. प्रयोगशाळेला कुलूप लावल्याने होत नाही.

कारखान्याच्या प्रश्नाभोवती विद्यापीठाचे काम उभे करणे जगाला नवे नाही. ब्रिटनमध्ये १९७५ पासून सुरू झालेल्या योजनेत नुकता पदवीधर झालेला तरुण ठरावीक काळ कंपनीतच बसून एक प्रकल्प पुरा करतो आणि विद्यापीठातला प्राध्यापक त्याला मार्गदर्शन करतो. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात स्टाइनबाइस प्रतिष्ठानाच्या छत्राखाली प्राध्यापक आपापली छोटी तंत्रज्ञान-हस्तांतर केंद्रे चालवतात आणि केंद्राला येणाऱ्या कामांवर स्वतःचा खर्च भागवावा लागतो. दोन्हीकडे प्रश्न आणि माणूस यांची गाठ पडते, आणि ती टिकते.

आपल्या प्राध्यापकाला मात्र नियमच उलट्या दिशेला ढकलतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतल्या गुणतक्त्यात विज्ञान-अभियांत्रिकीच्या एका शोधनिबंधाला ८ गुण आहेत, आंतरराष्ट्रीय पेटंटला १०, राष्ट्रीय पेटंटला ७ आणि सल्लासेवेला ३. कारखान्यात महिनोन्‌महिने खेटे घालून एखाद्याचे रिजेक्शन निम्म्यावर आणणाऱ्या शिक्षकाला हा तक्ता कमी लेखतो. तो बदलल्याशिवाय केंद्रांच्या इमारती बांधून काही साधणार नाही.

तक्ता दिल्लीत बदलायचा आहे, त्याला वेळ लागेल. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे तसे नाही. त्याचे विषय दरवर्षी महाविद्यालयातच ठरतात, आणि त्यांतले बरेचसे आधीच्या वर्षीचेच फिरून येतात. सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांतून, जळगावच्या चटई उद्योगातून, सांगलीच्या बेदाणा शेडवरून एप्रिल-मेमध्ये प्रश्न गोळा करावेत, जुलैत ते विद्यार्थ्यांना वाटावेत आणि शेवटच्या परीक्षेला बाहेरच्या परीक्षकाशेजारी तो प्रश्न देणाऱ्या कारखानदारालाही खुर्ची द्यावी. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो आणि येत्या वर्षापासून लागूही करता येतो.