सासूबाईंचा पाळणा आणि माझी मोजपट्टी

मागच्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीनं विचारलं होतं, "मुलांच्या खोलीसाठी जुनं फर्निचर चांगलं की नवं? सासरकडून बरंच काही येऊ घातलंय, नाही कसं म्हणू?" तिला सरळ उत्तर देण्याआधी आमच्या पाळण्याची गोष्ट सांगते.

आमचा पाळणा बेळगावहून बंगळुरूला आला तो रात्रीच्या बसच्या डिकीतून, दोन जुन्या सतरंज्यांत गुंडाळून. मला आठवा महिना होता. सकाळी सात वाजता नवरा आणि सासरे तो कसाबसा लिफ्टमध्ये कोंबून वर घेऊन आले. मागून सासूबाई, हातात पितळी साखळ्यांची पिशवी. सागवानी चौकट, कातीव गज, चारही कोपऱ्यांवर लाकडी राघू. आजेसासरे याच पाळण्यात झोपले, मग सासरे, मग नवरा आणि नणंद. सासूबाईंनी तो हॉलच्या मधोमध ठेवला, पदरानं पुसला आणि छताकडे बघून विचारलं, "कडी कुठं आहे गं?"

फ्लॅटच्या स्लॅबला कडी कुठून असणार! तो पहिला प्रश्न स्टँड घेऊन सुटला. दुसरा मीच उभा केला. दुपारी सगळे झोपले असताना मी टेप घेऊन गजांमधलं अंतर मोजलं. 9 सेंटीमीटर.

बाळाच्या कॉटच्या दोन गजांमध्ये 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, असा अमेरिकेत नियम आहे. कारण सांगताना आजही पोटात गोळा येतो. फट मोठी असली की वळवळणारं बाळ पायाकडून बाहेर सरकतं, अंग निघून जातं आणि डोकं मागे अडकतं. खाली-वर सरकणाऱ्या कठड्याचे कॉट तर तिथे 2011 च्या जूनपासून विकायलाच बंदी आहे. कठड्याचा एखादा खिळा सैल झाला की कडेला फट पडायची आणि त्यात मुलं अडकायची.

दुसरी भीती रंगाची. पाळण्याला हिरवा ऑइलपेंट होता, जागोजागी पोपडे सुटलेले. पोपड्याखाली लाल, लालाखाली आणखी काहीतरी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भाग अशी मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी, आणि लागू झाली 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीचा डबा कुठला होता कोण सांगणार? दात येताना प्रत्येक मूल पाळण्याची कड चावतं. शिसं मेंदूच्या वाढीवर घाव घालतं आणि अमुक इतकं पोटात गेलं तर चालेल, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेलाही माहीत नाही.

नवरा तोवर उत्साहानं पॉलिशपेपर घेऊन बाल्कनीत बसला होता. त्याला हाताला धरून उठवलं. असा रंग कोरडा घासणं सगळ्यात वाईट. धूळ घरभर उडते, आणि मी तर पोटुशी.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. जितकं गोड बोलता येईल तितकं गोड बोलून. त्यांचा चेहरा उतरला. मग राग आला.

"आमची पोरं काय मेली काय गं त्यात?"

याला उत्तर नसतं. तुम्हीही हे वाक्य कधीतरी ऐकलं असेल. पाळण्याबद्दल नसेल तर गुटीबद्दल, काजळाबद्दल. मी गप्प बसले. दोन दिवस घरात मोजकंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्या आपणहून जुन्या घराबद्दल बोलू लागल्या. माजघरात पाळणा टांगलेला, घरात अकरा माणसं. आजेसासूबाई दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तांदूळ निवडायच्या. रात्री आत्या पाळण्याखालीच अंथरूण घालायच्या. बाळ जरा कुठं हललं की चार हात पुढं व्हायचे. "पाळणा कधी एकटा नसायचाच की गं," त्या म्हणाल्या. आणि हातातली गवारीची शेंग तशीच धरून थोडा वेळ थांबल्या. बहुधा आमचं घर त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असावं. रात्री 2 वाजता दमून मेल्यासारखी झोपलेली आम्ही दोघं, आणि पलीकडे एकटं बाळ.

त्यानंतर "मग काय करायचं म्हणतेस?" हे त्यांनीच विचारलं.

बंगळुरूत राहण्याचा एक फायदा म्हणजे चन्नपट्टण जवळ. म्हैसूर रस्त्यानं साधारण 60 किलोमीटर. तिथली लाखेची खेळणी तुम्ही पाहिली असतील. काळ्या कुड्याचं पांढरं, हलकं लाकूड कातणीवर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीचं वाळलेलं पान दाबून धरलं की चकाकी येते. ब्रश नाही, ऑइलपेंट नाही. पण लाख तरी कुठल्या रंगाची हे विचारावंच. हळदीसारखे वनस्पतींचे रंग वापरणारे कारागीर आहेत, तसे स्वस्त रंग वापरणारेही असणारच.

आम्ही जुने गज काढूनच टाकले. एका सुतारानं चौकटीचा रंग आपल्या शेडमध्ये, ओला ठेवून, खरवडून काढला. आतून असं मधाळ सागवान निघालं की सासरे दोनदा हात फिरवून गेले. नवे गज कातून, लाख चढवून चन्नपट्टणहून आले, पिवळे आणि लाल, आणि अंतर ठेवलं 5 सेंटीमीटर. राघू तसेच वर, फक्त त्यांच्या टोकदार चोची गोल करून घेतल्या. खर्च? एक बऱ्यापैकी नवा कॉट आला असता. सासूबाईंना आकडा अजून सांगितलेला नाही.

बारसं त्यात झालं. रात्रीची झोप मात्र आमच्या पलंगाशेजारच्या साध्या नव्या कॉटमध्ये, सपाट घट्ट गादीवर, उताणी. उशी नाही, दुलई नाही, कडेला मऊ तक्केही नाहीत. पाळणा दिवसा, कुणी समोर असेल तरच. पाचव्या महिन्यात लेक पालथी पडायला लागली तेव्हा तोही बंद केला. चिमणाळंही हाताला येण्याआधी उतरवलं.

तर मैत्रिणी, माझं मत असं, की झोपायची वस्तू नवी आणि साधी घ्यावी. बसायच्या, लिहायच्या वस्तू खुशाल जुन्या असू देत. आमच्याकडे पाळण्यामागून आजेसासऱ्यांचं बैठं उतरतं डेस्क आलं. लेक आता 6 वर्षांची आहे, पाटावर मांडी घालून त्यावर चित्रं काढते. पाय लोंबकळत नाहीत, पाठ वाकत नाही. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमला बालघर काढलं तेव्हा मुलांच्या मापाची मेजखुर्ची ही केवढी नवलाई होती. ताराबाई मोडकांनी आपल्याकडे बालवाडी रुजवली ती बोर्डी-कोसबाडला, आजूबाजूला मिळेल त्या साधनांवर. पाट आणि बैठं मेज आपल्या घरात आधीपासून होतंच, आपणच ते माळ्यावर टाकलं.

जुन्या पेटाऱ्याचं मात्र सांभाळून. खेळणी ठेवायला छान दिसतो, पण जड झाकण बोटांवर किंवा मानेवर पडतं आणि लपाछपीत मूल आत शिरलं तर बाहेरून कडी बसू शकते. आम्ही झाकण आणि कोयंडा दोन्ही काढलं.

आणि नवं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. 2016 मध्ये आयकियानं अमेरिकेत खणांची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली. मुलं खण उघडून पायरीसारखी चढायची आणि भिंतीला न जखडलेलं कपाट अंगावर उलटायचं. त्यात मुलं दगावली होती. त्यामुळे कपाट कुठलंही घ्या, ते भिंतीला जखडा. भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल तर घर सोडताना बुजवून देतो म्हणून सांगा, पण जखडा. दुमजली पलंगावर 6 वर्षांखालचं मूल वर झोपवू नका.

एक राहिलंच. नणंद अमेरिकेत असते. तिला बाळ व्हायच्या वेळी पाळणा तिकडे पाठवायचा बेत निघाला. तेव्हा कळलं, की 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षं जुनी कारागिरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. ती तशी जुनी नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. आमच्या पाळण्याचं वय नेमकं कुणालाच ठाऊक नाही, आणि दाखल्याच्या भानगडीत पडायला सासरे तयार नव्हते. पाळणा इथेच राहिला. सध्या त्यात लेकीच्या तीन बाहुल्या आणि एक कापडी हत्ती झोपतात.

परवा सासूबाईंचा बेळगावहून फोन आला. शेजारच्या नातसुनेसाठी पाळणा आणलाय, त्या बघायला गेल्या होत्या. मागून बायकांचा गलका ऐकू येत होता. "अगं, टेप घेऊन उभी आहे," त्या हळूच म्हणाल्या, "किती म्हणालीस? पाच की सहा?"