पीडीएफ चोरांना शिव्या घालण्याआधी

गेल्या आठवड्यात आपल्या वाचनवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच महाभारत झालं. एकाने विचारलं, ‘अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का कुणाकडे?’ दुसऱ्याने पाच मिनिटांत टाकली. तिसऱ्याने हात जोडलेले सात इमोजी टाकले. मग एक लेखक महोदय प्रकटले आणि ‘तुमच्यासारख्या चोरांमुळेच मराठी पुस्तक मेलं’ म्हणत त्यांनी सगळ्यांची बिनपाण्याने केली. ॲडमिनने फाइल डिलीट केली, ग्रुपला कुलूप लावलं आणि मराठी संस्कृती थोडक्यात वाचली.

मी तेव्हा गप्प बसलो, कारण मी स्वतः त्यातलाच. आता इथे सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. शिव्या घालायच्या तर जरूर घाला, पण शेवटपर्यंत वाचून घाला.

आधी माझी चोरी सांगतो.

आपल्या तालुक्याचा इतिहास एका शाळामास्तरांनी लिहून ठेवलाय. १९६३ साली गावातल्याच छापखान्यात खिळे जुळवून छापलेला, प्रती पाचशे. प्लेगात कोणती आळी ओस पडली, सोमवारचा बाजार गुरुवारी कसा गेला, कुणाच्या वाड्यात मुलींची पहिली शाळा भरली, असलं सगळं त्यात आहे. दुसरीकडे हे कुठेच लिहिलेलं नाही. मास्तर १९७१ मध्ये वारले. छापखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. वारस म्हणे आधी पुण्याला गेले, तिथून पुढे कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. पुस्तकाची एक प्रत मला एका वाचनालयाच्या कपाटात सापडली. शेवटची वीस-बावीस पानं वाळवीने खाल्लेली. उरलेली हात लावला की पापडासारखी मोडतात.

ग्रंथपालांना म्हटलं, काका, स्कॅन करून घेऊ, खर्च माझा. काका म्हणाले, ‘कॉपीराइट असतो रे बाबा. उद्या कुणी केस केली म्हणजे?’ मी म्हटलं, कोण करणार केस, वाळवी?

शेवटी दोन रविवार बसून मोबाइलवर एकेक पान टिपलं, पीडीएफ केली आणि चाळीसेक लोकांना पाठवली. हो, मी चोर.

गंमत अशी की काकांची भीतीच बिनबुडाची होती. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ वाचा. जे पुस्तक देशात विकत मिळत नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर कपाटात छापील प्रत असेल तर ती जपण्यासाठी डिजिटल प्रतही करून ठेवता येते. म्हणजे कायदा वाचनालयाला सांगतोय, जपून ठेव बाबा, आणि वाचनालय कायद्याच्या नावानेच पुस्तक वाळवीला खायला घालतंय. महाराष्ट्रात सरकारमान्य सार्वजनिक वाचनालयं दहा हजारांच्या वर आहेत. अनुदान किती थकलं यावर दरवर्षी मोर्चे निघतात, आणि निघायलाच हवेत. पण कपाटातलं काय काय मेलं याचा हिशोब मागायला एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

बरं, कायद्याची ही सवलत वाचनालयापुरतीच. मास्तरांचं पुस्तक पुन्हा छापायचं म्हटलं तर? लेखक वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. मास्तर गेले १९७१ मध्ये, म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय छापता येणार नाही. लेखक गेला, छापखाना गेला, वारस बेपत्ता. जिवंत आहे तो फक्त हक्क. आता कुणी म्हणेल, लेखक हयात नाही किंवा मालकाचा पत्ता लागत नाही अशा पुस्तकांसाठी कायद्यात ३१अ हे कलम आहे, रीतसर परवाना मिळतो. मिळतो की! जाहिरात द्या, अर्ज करा, वकील लावा, तारखा घ्या. दोनशे लोक वाचतील अशा पुस्तकासाठी हे कोण करणार?

आणि ही ६० वर्षं आली कुठून, तेही ऐका. आधी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर गेले १९४१ मध्ये, म्हणजे १९९१ संपता संपता त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी मोकळं होणार होतं. विश्वभारतीच्या हातून हक्क जाणार म्हणून धावपळ झाली आणि ५० ची ६० झाली. वाढीव दहा वर्षांत रवींद्रनाथांनी एकही नवी कविता लिहिली नाही, हे वेगळं सांगायला नको. एका संस्थेच्या सोयीसाठी साऱ्या देशातल्या, साऱ्या भाषांतल्या मेलेल्या लेखकांच्या पुस्तकांना दहा वर्षांची जादा कोठडी मिळाली. त्यात आमचे मास्तरही आले.

‘हक्क मोकळे झाले तर प्रकाशन व्यवसाय बुडेल’ ही ओरड नेहमीचीच. साने गुरुजी गेले १९५० मध्ये. १ जानेवारी २०११ पासून त्यांचं साहित्य कुणीही छापू शकतं. झालं काय? आज ‘श्यामची आई’ किती प्रकाशकांची मिळते ते पुस्तकांच्या दुकानात जाऊन मोजा. फुकट पीडीएफही आहे, आणि तरी छापील प्रत विकली जातेच. १ जानेवारी २०३० ला अण्णाभाऊ साठे आणि आचार्य अत्रे मोकळे होतील, दोघेही १९६९ मध्ये गेले. तेव्हाही कुणी बुडणार नाही. उलट जो प्रकाशक चांगली आवृत्ती काढेल, नीट टिपा देईल, मुद्रितं धडपणे तपासेल, तोच चालेल. भीती नेमकी त्याचीच वाटते की काय, देव जाणे.

‘फुकट मिळालं की लोक विकत घेत नाहीत’ हेही अर्धसत्य आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन बघा. लेझर प्रिंटरचं तोंड न पाहिलेली माणसं एसटीचं तिकीट काढून येतात आणि बाबासाहेबांचे जाडजूड खंड पिशवीत घालून नेतात. त्या खंडांच्या पीडीएफ वर्षानुवर्षं फिरतायत, तरी घेतात. अडचण वाचकाकडून आलीच नाही. खंड छापायचं काम राज्य सरकारचं, आणि ती छपाई रखडल्याची बातमी वाचून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या काळात कुणी पीडीएफ पाठवली असेल तर त्याला चोर म्हणायचं, आणि ज्यांनी छापलं नाही त्यांना काय म्हणायचं?

झेरॉक्सवाल्यालाही आपण उगाच बदनाम केलंय. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये तीन बलाढ्य परदेशी प्रकाशकांनी दावा ठोकला होता, पुस्तकांतली प्रकरणं जोडून विद्यार्थ्यांना विकतो म्हणून. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी अशा प्रती काढण्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच सोडून दिला. तेव्हा उठसूट ‘कॉपीराइट, कॉपीराइट’ म्हणून पोरांना दम भरणाऱ्यांनी आधी कायद्यात काय काय बसतं तेही वाचावं.

आपली भाषा जपतंय कोण, तेवढं पाहू. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आज तुम्ही मोबाइलवर चाळता ना? तो शिकागो विद्यापीठाच्या सर्व्हरवर आहे. सरकारी पैशातून लाखो जुनी पुस्तकं स्कॅन करणारी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ कॉपीराइटच्या घोळात बंद पडली. त्यातली हजारो मराठी पुस्तकं आज आपल्याला दिसतात, कारण ती कुणीतरी अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हवर चढवून ठेवली. आपल्याकडे मनावर घेतलं तर जमतं, हेही खरं. वाईचा मराठी विश्वकोश सगळाच्या सगळा फुकट वाचता येतो आणि त्याने कुणाच्याही पोटावर पाय आला नाही. पण अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी.

प्रकाशकांना विचारलं, जुनं पुस्तक छापत नाही तर निदान ई-बुक का काढत नाही, तर खरं उत्तर हळू आवाजात मिळतं. फाइलच नाही. नव्वदनंतरची कित्येक पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फाँटांत जुळवलेली. डीटीपीवाल्याचा कॉम्प्युटर भंगारात गेला, सीडीला बुरशी आली, आणि फाइल सापडली तरी आज उघडल्यावर मराठीऐवजी चिनी-जपानी वाटावं असं काहीतरी दिसतं. स्वतःच्या पुस्तकाची फाइल ज्याला सांभाळता आली नाही, त्याने वाचकाला ‘पुस्तकाची किंमत नाही तुम्हाला’ असं ऐकवावं, याला धाडस लागतं.

लेखकांनो, तुम्हीही करार काढून बघा एकदा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर कायदा ते पाचच वर्षांसाठी धरतो, कलम १९. पंधरा वर्षांत दुसरी आवृत्ती न निघालेलं तुमचं पुस्तक कदाचित केव्हाच तुमच्या हातात परत आलंय आणि तुम्हीच ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवून बसलायत.

आता पीडीएफवाल्यांकडे वळतो. खूश होऊ नका.

गेल्या महिन्यात आलेली, दुकानात मिळणारी, जिवंत लेखकाची कादंबरी स्कॅन करून टेलिग्रामवर टाकणं ही चोरी आहे. तिथे ‘वाचनसंस्कृती’चा झेंडा नाचवू नका. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन धरलं तर लेखकाला मिळतात तीस रुपये. पाचशेची आवृत्ती सगळी खपली तरी पंधरा हजार, तेही दोन-तीन वर्षांच्या कामाचे आणि प्रकाशकाने वेळेवर दिले तर. तुमची मिसळ आणि वर दोन चहा त्या पुस्तकाच्या निम्म्या किमतीचे असतात. मिसळवाल्याला कधी म्हणालात का, की मिसळसंस्कृती टिकावी म्हणून फुकट दे?

याहून वाईट दुसरी खोड. कविता उचलायची, खालचं नाव छाटायचं आणि ‘संकलित’ लिहून पुढे ढकलायची. किंवा कुणाच्याही मजकुराखाली पु. ल. नाहीतर व. पु. लिहायचं. फुकट वाचलंत, ठीक. पण ज्याने लिहिलं त्याचं नाव पुसायचा अधिकार कुणी दिला?

आपल्याकडे छापखाना नव्हता तेव्हा सगळं साहित्य नकलांवरच जगलं. बाडंच्या बाडं लोकांनी हाताने उतरवून घेतली, कुणाची परवानगी नाही की मानधन नाही. पण अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही मुद्रा असायची आणि नकलेबरोबर नावही पुढे जायचं. आणि तेव्हाही भेसळ व्हायचीच, तुकोबांच्या नावावर खपवलेले अभंग आजही अभ्यासक निवडत बसलेत. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी स्वतःची ओवी घुसडू नये असं बजावून ठेवलं. नक्कल करू नका असं ते म्हणाले नाहीत. नक्कल झाली म्हणून तर ग्रंथ राहिला. त्यांचा राग भेसळीवर होता. आपल्या कायद्यातलं कलम ५७ हेच सांगतं, हक्क विकला तरी लेखकाचं नाव आणि मजकुराची अब्रू लेखकाचीच राहते. त्यासाठी मात्र ग्रुपवर कुणी भांडत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जे विकत मिळतं ते विकत घ्या. ऐपत नसेल तर वाचनालयात जा, नसेल तिथे तर मागवायला लावा. जे कुठेच मिळत नाही आणि ज्याचा मालक सापडत नाही, ते वाचवणाऱ्याला चोर म्हणू नका. प्रकाशकांनी पुस्तक बाजारात ठेवावं, नाहीतर लेखकाला लेखी परत करावं. वाचनालयांनी या वर्षी निदान दुर्मीळ पुस्तकांची यादी करावी आणि कायद्याने दिलेली डिजिटल प्रत काढून ठेवावी. आपल्या गावापुरतं मी आणि आणखी तिघे हे काम रविवारी फुकट करायला तयार आहोत. ग्रंथपाल काकांना पुन्हा भेटणार आहे, या वेळी कलम ५२ ची झेरॉक्स घेऊन.

मास्तरांचा वारस कुणी ही पोस्ट वाचत असेल तर कृपया संपर्क करा. रागावलात तरी चालेल. शेवटची वीस पानं तुमच्या घरच्या प्रतीत शाबूत असतील, एवढीच आशा आहे.

आणि ही पोस्ट खुशाल कॉपी करा, परवानगी विचारू नका. मला नावं ठेवलीत तरी चालतील. फक्त खालचं नाव तेवढं राहू द्या.